जनसुरक्षा कायदा, मोक्का आणि आपली जमीन

(३१ ऑगस्ट २०२५ रोजी सोलापुरात विमुक्त दिनाच्या बैठकीत आमच्या युवक गटातर्फे केलेलं भाषण. वेळेअभावी जे बोलायचं राहिलं ते इथं लिहिताना घातलं आहे.)

आया-बहिणींनो, भावांनो, आणि रात्रभर एसटीत बसून जंगलगावांतून सोलापूरपर्यंत आलेल्या पाहुण्यांनो,

सकाळी तुमच्यातले बरेच जण आमच्याबरोबर सेटलमेंट बघायला आले. एका आजीनं विचारलं, तार कुठं होती? आता तार नाही. पक्की घरं झाली, रिक्षा उभ्या असतात, पोरं मोबाईल बघत बसलेली असतात. पण नाव गेलेलं नाही. स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हणा, तो बरोबर आणून सोडतो. या नावाचा अर्थ काय ते इथल्या पोरांनाही नीट माहीत नसतो, म्हणून आधी तेवढं सांगतो. मग नव्या कायद्याकडं येतो.

इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेत होता, १९११ नंतर आपल्या मुंबई इलाख्यातही आला, आणि १९२४ साली तो सगळा एकत्र करून पुन्हा पक्का केला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींची नावं त्यात घातली. नाव एकदा यादीत आलं की त्या जमातीत जन्मणारं लेकरू सुद्धा त्या यादीतलंच. सोलापूरला तारेचं कुंपण घालून वसाहत केली ती या लोकांसाठी. आत-बाहेर करायला पास, ठरल्या वेळेला हजेरी. पोरांना आईबापापासून काढून वेगळ्या शाळेत ठेवायचा अधिकारही त्या कायद्यानं सरकारला दिला होता. आतले लोक इथल्या कापड गिरण्यांत कामाला जायचे आणि पाळी संपली की परत तारेच्या आत.

आज आपण ज्यावर बोलणार त्याच्याशी संबंधित कलम त्या कायद्यात होतं. आमच्या वकील ताईंनी ते आम्हाला दाखवलं तेव्हा आम्ही दोनदा वाचलं. १९२४ च्या कायद्याचं कलम २३. यादीतल्या जमातीच्या माणसाला ठराविक गुन्ह्यांपैकी एखाद्यात दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर ती सात वर्षांपेक्षा कमी नको. तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळं पाणी. काही खास कारण असलं तरच न्यायाधीशानं कमी करायचं. चोरी तीच, पण दुसऱ्या जातीच्या माणसानं केली तर न्यायाधीश बघणार किती चोरलं, का चोरलं, घरची हालत काय. आमच्या आज्या-पणज्यांच्या बाबतीत माप आधीच छापून ठेवलेलं. त्या कायद्यात आणखी एक होतं: सरकारनं जमातीचं नाव यादीत घातलं ते बरोबर की चूक, हे कुठल्याही कोर्टानं विचारायचं नाही.

हा कायदा देशभरातून रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून आजची बैठक. पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ चा आहे. गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं तुरुंगाच्या नियमावल्यांतून जातीचा रकाना काढा आणि विमुक्त जमातींना जन्माचे सराईत म्हणून लिहिणं बंद करा असा निकाल दिला. म्हणजे १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी सुद्धा ते लिहिलेलं होतंच.

आता तुम्ही जंगलवाले म्हणाल, हे पारध्यांचं झालं, आमचं काय? ऐका थोडं. पारधी सुद्धा अनुसूचित जमातीतच येतो. आमचे म्हातारे तितर-लावे धरून जगायचे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं. इथं जवळच नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. पक्षी वाचला पाहिजे, त्याला आमची ना नाही. पण तो माळ ज्याला पायाखालचा ठाऊक होता त्या माणसाला फॉरेस्टवाल्यांनी एकदा सुद्धा विचारलं नाही. तुमच्याकडं बीटगार्ड कोयता काढून घेतो, आमच्याकडं फास काढून घेतात. राहिलं गायरान. त्याच्यावर आम्ही बाजरी-तूर टाकून बसलोय. तेव्हा आपलं दुखणं एकच आहे, जमिनीचं.

तर, शिक्षेच्या मापाबद्दल. इंग्लंडात २०१८ पासून दहशतवादाच्या गुन्ह्यांसाठी न्यायाधीशांना छापील मार्गदर्शन आहे. गुन्हेगाराचा हात किती, नुकसान किती, त्यावरून शिक्षेची पायरी. पटो न पटो, निदान तो कागद गुन्हा सिद्ध झाल्यानंतर उघडायचा असतो. आपल्या देशात असं मार्गदर्शन नाही. आपल्याकडं सरकार काय करतं, कायद्यातच खालची हद्द बांधून टाकतं आणि जामिनाचं दार अरुंद करतं.

मोक्का सगळ्यांना नावानं माहीत आहे. चौकात सुद्धा पोरं म्हणतात, त्याला मोक्का लागला. महाराष्ट्र सरकारनं १९९९ साली मुंबईच्या टोळ्यांसाठी केलेला कायदा. माणूस मेला असेल तर फाशी किंवा जन्मठेप. इतर गुन्ह्यांत पाच वर्षांच्या खाली शिक्षाच नाही, वर जन्मठेपेपर्यंत. दंड पाच लाखांपासून पुढं. टोळीचा नुसता सभासद असला तरी तेच, आसरा दिला तरी तेच. पाच लाख दंड! आमच्या वस्तीतली सगळी शेरडं विकली तरी होणार नाहीत. साध्या गुन्ह्यात चार्जशीट नव्वद दिवसांत नाही आलं तर जामीन मिळतो, इथं ते एकशेऐंशी दिवसांवर नेता येतं. आणि पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढं दिलेला जबाब पुरावा म्हणून चालतो.

मोक्का लागायला काय लागतं? दहा वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट. आता विचार करा, चार्जशीट कुणाच्या नावावर लवकर जमतात. गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर गाडी येते. एकाच पोराचं नाव तीन एफआयआरमध्ये सापडतं, तिन्हीत पुढं काही सिद्ध होत नाही, पण कागदावर तो तीन गुन्ह्यांचा आरोपी. गेल्या वर्षी १ जुलैपासून नवी न्याय संहिता आली त्यात कलम १११ संघटित गुन्ह्यावर आहे, बऱ्याच अंशी मोक्क्यासारखंच. त्याच्या यादीत दरोडा, अपहरण, खंडणी यांच्या रांगेत जमीन बळकावणं हाही शब्द आहे. तो शब्द भूमाफियासाठी असेल. पण तहसीलच्या नोटिशीत आम्हाला काय म्हणतात? अतिक्रमणधारक. शब्द जवळजवळचे आहेत, म्हणून सांगून ठेवतो.

इथं आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, गाव आणि ठाणंही घेत नाही, केस संपलेली आहे आणि त्याला आता शांतपणे जगू द्यायचंय.

आमचा थोरला चुलतभाऊ ऊसतोडीला जातो. एका डिसेंबरात फडावरून घरी आला होता, लेकराला ताप होता म्हणून. पहाटे गाडी आली. दरोड्याची तयारी असा गुन्हा, पाच जण, त्यातला एक हा. बाकीच्या चौघांपैकी दोघांना तर तो ओळखत सुद्धा नव्हता. आमची काकू ठाण्यावर गेली तेव्हा तिनं विचारलेला पहिला प्रश्न आम्हाला अजून आठवतो. काय केलं त्यानं, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, किती दिवस? आमच्या बायका असंच विचारतात. गुन्हा काय हे विचारून काही हाती लागत नाही हे त्यांना आजीपासून माहीत आहे.

चौदा महिने तो आत होता. जामीन मंजूर झाला होता आठव्या महिन्यात, पण दोन जामीनदार सातबाऱ्यासह आणा म्हणाले. सातबारा कुणाचा आणायचा? आमच्यात कुणाचा आहे? सहा महिने त्यातच गेले. शेवटी सुटला तो मुकादमाच्या वहीवर. ज्या रात्री तो माळावर हत्यारं घेऊन बसला होता असं पोलिसांचं म्हणणं, त्या रात्री त्याच्या नावापुढं टोळीच्या वहीत गाडी भरल्याची खूण होती. मुकादम साक्षीला आला. तो काही देवमाणूस नव्हे, उचलीचे पैसे त्यानं नंतर पूर्ण वसूल केले. पण वही त्यानं आणली. न्यायाधीशांनी ती पाहिली आणि निर्दोष म्हणून सोडलं.

आता खरं नुकसान ऐका. बाप आत, काकू कोर्टात, वहिनी माहेरी. गायरानावरचा सव्वा एकराचा तुकडा त्या पावसात पडीक राहिला. दुसऱ्या पावसात शेजारच्या बागायतदारानं ट्रॅक्टर घातला. पंचनाम्यात लिहिलं गेलं की इथं कुणाची वहिवाट दिसत नाही. आमच्या आज्यानं १९९० च्या आधीपासून तो तुकडा कसलेला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नावावर करायचा शासन निर्णय १९९१ चा आहे, त्यात आमचं नाव बसत होतं. पण ताबा तुटला म्हणून फाईल मागं पडली. भाऊ निर्दोष सुटला आणि जमिनीला शिक्षा झाली. तुम्हा वनहक्कवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा, आजवर कसत असल्याचं दाखवायचं. कसणारा माणूस वर्ष-दोन वर्षं जेलात असला तर कोण दाखवणार?

लोक म्हणतात, पण दहशतवाद्यांना कडक शिक्षा नको का? हवी. माणसं मारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात आमच्या मनात खोट नाही. या जुलै महिन्यात जे दोन निकाल आले ते बघा. मुंबईच्या लोकलमध्ये ११ जुलै २००६ ला स्फोट झाले, पावणेदोनशेच्या वर माणसं मेली. मोक्का लावला, जबाब घेतले, २०१५ साली मोक्का कोर्टानं पाच जणांना फाशी, सातांना जन्मठेप दिली. या २१ जुलैला हायकोर्टानं ते सगळे निर्दोष सोडले. जे जबाब पोलीस अधिकाऱ्यांपुढं घेतले त्यांवर हायकोर्टानं विश्वास ठेवला नाही. बारातला एक तर तुरुंगातच वारला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय. त्यानंतर दहा दिवसांत, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला, सहा माणसं मेली होती, सातही आरोपी सुटले. तिथंही सुरुवातीला मोक्काच लावला होता, तो पुढं निघाला.

एकात आरोपी मुसलमान, दुसऱ्यात हिंदू. टीव्हीवर दोन्ही दिवशी दोन वेगळे गट नाचले. आम्ही मात्र मेलेल्यांच्या घरच्यांचा विचार करत होतो. एकोणीस वर्षं, सतरा वर्षं. इतका कडक कायदा, आणि त्यांना अजून कळलं नाही की आपलं माणूस कुणी मारलं. कडक कायद्यात तपास सोपा होतो, जबाब घेतला की झालं, मग खरा माणूस शोधायची गरज पडत नाही. टाडाचं हेच झालं होतं. १९८५ ते १९९५ त्यात देशभरात सुमारे ७६ हजार माणसं धरली, आणि शिक्षा शंभरातल्या दोघांनाही झाली नाही. बाकीचे नुसतेच आत बसून आले.

नाशिकच्या बाजूची एक केस तर आमच्या लोकांच्या तोंडपाठ असायला हवी. २००३ सालचा गुन्हा. पाच जणांचे खून, अत्याचार, फार वाईट. भटक्या जमातीतले सहा जण धरले. खालच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली, २००९ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी लहान होता हे पुढं कळलं. ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख द्यायला सरकारला सांगितलं. सोळा वर्षं. तिथं मोक्का नव्हता, टाडा नव्हता, साधा कायदा होता, साधी उलटतपासणी होती, तरी असं झालं. मग जिथं उलटतपासणीच अर्धी केली तिथं काय होईल?

आता जनसुरक्षा. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, २०२४. गेल्या वर्षी जुलैत मांडलं, मग संयुक्त समितीकडं दिलं, बारा हजारांच्या वर सूचना-हरकती गेल्या, त्यात आपल्या संघटनेची पण होती. या वर्षी १० जुलैला विधानसभेत आवाजी मतानं पास झालं, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत. विधानसभेत शेवटपर्यंत उघड विरोध केला तो एका आमदारानं, डहाणूचे विनोद निकोले. आदिवासी मतदारसंघाचा माणूस. बाकी एवढे आदिवासी आमदार आहेत, त्यांना आपल्या गावात आल्यावर एवढंच विचारा, त्या दिवशी तुम्ही कुठं होता.

त्यात शिक्षा अशा आहेत. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचा सभासद असेल, तिच्या बैठकीला बसला असेल, वर्गणी दिली किंवा घेतली असेल, तर तीन वर्षांपर्यंत आणि तीन लाख दंड. सभासद नाही, पण मदत केली किंवा सभासदाला आसरा दिला, तर दोन वर्षं आणि दोन लाख. संघटना चालवायला हात लावला, बैठक भरवायला मदत केली, तर तीन वर्षं आणि तीन लाख. बेकायदेशीर कृत्य केलं, करायला लावलं, प्रयत्न केला किंवा बेत केला, तर सात वर्षांपर्यंत आणि पाच लाख. सगळे गुन्हे दखलपात्र, अजामीनपात्र.

मोक्क्यापेक्षा आकडे लहान आहेत, मान्य. पण बेकायदेशीर कृत्य म्हणजे काय ते वाचलं तर पोटात गोळा येतो. बॉम्ब, बंदूक, रेल्वे पाडणं हे तर आहेच, त्याला आधीपासूनच देशाचे कायदे आहेत. न्याय संहितेचं कलम ११३ दहशतवादावरच आहे, पाच वर्षांपासून फाशीपर्यंत. या विधेयकात त्यापलीकडचं आहे. सार्वजनिक व्यवस्थेला, शांततेला धोका होईल असं काही. कायद्याच्या अंमलबजावणीत, सरकारी माणसांच्या कामात अडथळा येईल किंवा येण्याकडं कल असेल असं काही. कायदा न पाळण्याला प्रोत्साहन देणं, तसा उपदेश करणं. बोलून, लिहून, खुणेनं, चित्रानं, कसंही.

आता सांगा, फॉरेस्टवाला खड्डे मारायला आला आणि बाया आडव्या बसल्या, तर हा अडथळा आहे का? दावा प्रलंबित आहे, वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणं तपासणी पुरी होईपर्यंत उठवता येत नाही, असं आपण गावाला समजावलं, तर आपण कायदा सांगितला की कायदा मोडायला शिकवलं? आमच्या मते कायदा सांगितला. पण ठरवणार कोण? आणि आसऱ्याचं काय? डोंगरात वाटसरू रात्री दारात आला तर आपण आधी पाणी देतो, मग नाव विचारतो. गडचिरोलीकडच्या गावांना माहीत आहे, बंदूकवाला रात्री भाकर मागतो तेव्हा नाही म्हणता येत नाही, आणि सकाळी पोलीस विचारतात भाकर का दिली. त्या लोकांना दोन्हीकडून मार बसलाय. गडचिरोलीच्या ग्रामसभांबरोबर काम करणारा महेश राऊत जून २०१८ मध्ये धरला गेला. २०२३ साली हायकोर्टानं जामीन दिला, पण त्याला लगेच स्थगिती मिळाली. खटला अजून चालूच होत नाही. तो दोषी की निर्दोष हे आम्ही ठरवणार नाही, ते कोर्टानं ठरवावं, पण ठरवावं तरी. झारखंडचे फादर स्टॅन स्वामी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. त्यांची शिक्षा किती होती? कायद्याप्रमाणं शून्य.

सरकार काय म्हणतं तेही सांगायला हवं, नाहीतर आपण अर्धं सांगितल्यासारखं होईल. ते म्हणतात हा कायदा कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध आहे, साध्या आंदोलनांविरुद्ध नाही. समितीनंतर नावाखालचा मजकूर बदलला, व्यक्ती हा शब्द काढून कडव्या डाव्या विचारांच्या किंवा तशा संघटना असं घातलं. आधी संघटनेवर बंदी, मग सभासदावर गुन्हा, उगीच कुणाला उचलता येणार नाही, असं म्हणतात. बंदीचा कागद सल्लागार मंडळाकडं जाईल, त्यात निवृत्त न्यायाधीश असतील. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडं राहील. छत्तीसगड, तेलंगण, आंध्र, ओडिशात असा कायदा आहे, म्हणून आपल्याकडंही हवा.

यातल्या काही सुधारणा चांगल्या आहेत, त्या लोकांनी हरकती घेतल्या म्हणूनच झाल्या. पण मंडळ म्हणजे कोर्ट नव्हे. तिथं साक्षीदाराला आपला वकील उलट प्रश्न विचारणार नाही. जी माहिती सांगणं जनहिताचं नाही असं सरकारला वाटेल ती सांगायची सक्ती नाही. आणि जिल्ह्याच्या कोर्टात दाद नाही, थेट हायकोर्ट. धडगावच्या किंवा भामरागडच्या माणसानं मुंबई-नागपूरला वकील लावायचा. कडवी म्हणजे कशी, तशी संघटना म्हणजे कशी, याची व्याख्या शोधली, आम्हाला सापडली नाही. यादीत नाव घालणारा सरकार, आणि ते बरोबर का हे जवळच्या कोर्टानं विचारायचं नाही. हे आम्ही सोलापूरकरांनी आधी कुठं वाचलंय?

जागेचं कलम तर प्रत्येक पाड्यावर वाचून दाखवा. एखादी जागा बेकायदेशीर कृत्यासाठी वापरली जाते असं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस आयुक्तांना वाटलं तर ते ती जागा जाहीर करून ताब्यात घेऊ शकतात, आत राहणाऱ्यांना बाहेर काढू शकतात, आतलं सामान, पैसे यांच्यासकट. बाया-लेकरं असतील तर त्यांना निघायला थोडा वेळ द्यायचा, एवढी दया त्यात लिहिली आहे. आपली बैठक कुठं भरते? कुणाच्या तरी ओसरीवर, समाजमंदिरात.

या शहराला हे नवं नाही. १९३० साली १२ मे ते ३० जून सोलापुरात मार्शल लॉ होता. हातात झेंडा दिसला म्हणून माणसं आत गेली. त्या वेळच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे तुम्ही काल रात्री एसटीतून उतरून येताना बघितले. त्या चौघांच्या नावानं दरवर्षी कार्यक्रम होतो आणि पुढारी हार घालतात. त्याच गावात त्याच वेळी दुसरी माणसं तारेच्या आत होती, त्यांना कुणी हार घालत नाही. जाऊ द्या, तो वेगळा विषय.

आता करायचं काय, ते सांगून थांबतो. घाबरून घरी बसायचं नाही, आणि उगीच शौर्याच्या गोष्टी पण करायच्या नाहीत. आपली संघटना उघड आहे, तिचं सगळं उघड ठेवू. प्रत्येक बैठकीची नोंद ग्रामसभेच्या किंवा वनहक्क समितीच्या वहीत, तारीख, वेळ, विषय, सह्या-अंगठे. वर्गणी घेतली की पावती, दहा रुपये असले तरी. वनहक्काच्या दाव्याची पोच, अपिलाची पोच, गायरानाची दंडाची पावती, पेरणीचा फोटो तारखेसकट, यांच्या तीन प्रती. एक घरी, एक गावात दुसऱ्याकडं, एक तालुक्याला संघटनेकडं. आमच्या भावाला मुकादमाच्या वहीनं सोडवलं. ती वही हरवली असती तर आम्ही आज वेगळं भाषण करत असतो.

कोऱ्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही, पंच म्हणून सुद्धा नाही. पंच म्हणून आपल्याच माणसांना नेतात आणि ते आपल्याच भावाविरुद्ध कागदावर येतात, हे प्रत्येक तालुक्यात झालंय. कुणाला धरलं तर धरण्याची कारणं लेखी मागा, सुप्रीम कोर्टानं ते सांगितलेलं आहे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायला लागतं, ते मोजा. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. वकील बरा निघेल की नाही हे नशीब, पण पहिल्याच दिवशी कुणीतरी उभा राहिला तर फरक पडतो. नव्या कायद्यात असंही आहे की पहिल्यांदाच आत गेलेल्या कच्च्या कैद्यानं जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा भोगला असेल तर त्याला सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात नाहीत, आणि एकापेक्षा जास्त केसेस असतील तर ही सवलतही नाही. म्हणून बारीकसारीक केसेस तशाच लोंबकळत ठेवू नका. फॉरेस्टच्या जुन्या केसेस, सरपणाच्या, कोळशाच्या, दंड भरून कबूल करा म्हणतात तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय कबूल करू नका. कबूल केली की ती तुमच्या नावावर कायमची बसते.

आणि आत गेलेल्याचं शेत. आम्ही वस्तीत या वर्षी ठरवलंय, कुणी आत गेला तर त्याचा तुकडा बाकीच्यांनी पेरायचा, बी वर्गणीतून, पीक त्याच्या घरचं. पेरताना फोटो, आणि ग्रामसेवकाला पत्र की अमक्याची वहिवाट चालू आहे. पत्र तो घेत नसेल तर रजिस्टर पोस्टानं. तसे दोन तुकडे यंदा पेरले. एकावर तूर बरी आहे, दुसऱ्यावर हरणांनी खाल्ली. तुमच्या गावांत काय करता येईल ते दुपारच्या चर्चेत सांगा.

ज्यांनी आपल्या दाव्यांच्या पोचपावत्या आणल्या आहेत त्यांनी जेवणाआधी खिडकीजवळच्या टेबलावर द्या, झेरॉक्स काढून लगेच परत देतो. परतीची एसटी चारला आहे, तोवर होईल.

जोहार.